पांढऱ्या चिखलावरचा पाया

घर बांधण्यापूर्वीं जमीन पारखून घ्यावी, हा आपल्या पूर्वजांचा दंडक फार जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येचा जो अध्याय आहे, त्यांत जमिनीच्या दोन सोप्या परीक्षा सांगितल्या आहेत. घराच्या नियोजित जागेच्या मध्यभागीं एक हात खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हां त्याच खड्ड्यांत भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, नेमकी पुरली तर मध्यम, आणि कमी पडली तर ती जागा वर्ज्य समजावी. दुसरी परीक्षा पाण्याची. खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें चालत जावें आणि परत यावें; तेवढ्या वेळांत पाणी उतरलें नाहीं तर ती जमीन धन्य होय. हल्लींच्या सुशिक्षित तरुणांस हा सगळा भाबडेपणा वाटतो. परंतु अंमळ विचार केला तर असें दिसून येईल कीं, पहिल्या परीक्षेनें माती मुळांत किती घट्ट बसलेली आहे हें कळतें, आणि दुसरीनें तिच्यांतून पाणी किती वेगानें जिरतें हें समजतें. आजचे स्थापत्यशास्त्रज्ञ यंत्रांच्या साहाय्यानें ज्या गोष्टी प्रथम मोजतात, त्यांत या दोन्ही असतातच.

मात्र या परीक्षांच्या मागें एक गृहीत आहे. जमीन ही निसर्गानें घडविलेली असणार, म्हणजे नदीनें आणून टाकलेली, खडक कुजून झालेली, किंवा वाऱ्यानें साठविलेली असणार, असें ते ग्रंथकार धरून चालत. मनुष्य आपल्या उद्योगाच्या उकिरड्यांतून नवी जमीन निर्माण करील आणि तिच्यावर घरें, रस्ते व देवालयें बांधूं लागेल, हें त्यांच्या स्वप्नींही येणें शक्य नव्हतें. गेल्या दीडशें वर्षांत अशी जमीन पृथ्वीवर ठिकठिकाणीं तयार झाली आहे. तिच्यांतील एका विशेष प्रकाराची, म्हणजे सोड्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या चुनकट पांढऱ्या गाळाची, हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. विषय वरवर रुक्ष आहे. पण ज्या कुटुंबाला आयुष्याची पुंजी घालून तीन पिढ्यांसाठीं घर उभारावयाचें आहे, त्याला तो खचित उपयोगाचा वाटेल.

सोडा ही वस्तु आपल्या घरांत नवीन नाहीं. पापडखार, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा हीं सगळीं एकाच कुळांतलीं भावंडें. आपल्या वऱ्हाडांतील लोणारच्या सरोवराचें पाणी याच क्षारांनीं भरलेलें असून पूर्वीं तेथून क्षार काढीतही असत. सुश्रुतसंहितेंत क्षार तयार करण्याच्या विधीला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. वनस्पतींची राख पाण्यांत कालवून गाळावयाची, तें पाणी आटवावयाचें, भाजलेल्या शिंपल्यांचा व शंखांचा चुना घालून त्याची तीक्ष्णता वाढवावयाची, आणि तो लोखंडी पात्रांत ठेवावयाचा, इतका तपशील त्यांत आहे. क्षार आणि चुना एकत्र आले म्हणजे काय दाहक शक्ति उत्पन्न होते, हें त्या आचार्यांस पक्कें ठाऊक होतें.

परंतु कांच, साबण आणि कापड यांच्या कारखान्यांना राखेंतून निघणारा सोडा पुरणार कोठून? ही अडचण बेल्जममधील अर्नेस्ट सोल्वे या रसायनज्ञानें दूर केली. त्याचा जन्म १८३८ सालचा. १८६१ सालीं, म्हणजे ऐन तेविशींत, त्यानें आपल्या रीतीचें पेटंट घेतलें. ती रीत थोडक्यांत अशी: मिठाच्या दाट पाण्यांत अमोनिया वायु मुरवावयाचा आणि मग चुनखडी भाजतांना निघणारा कर्बद्विप्राणिल वायु त्यांतून सोडावयाचा. असें केलें म्हणजे खाण्याचा सोडा तळाशीं बसतो. तो तापविला कीं धुण्याचा सोडा तयार होतो. अमोनिया महाग असल्यामुळें तो वायां जाऊं देऊन चालत नाहीं. म्हणून उरलेल्या पाण्यांत दुधासारखा कालविलेला चुना मिसळून तो परत मिळवितात. येथपर्यंत सर्व कांहीं काटकसरीचें आहे. पण शेवटीं जें उरतें त्याला गिऱ्हाइक मिळत नाहीं. एक टन सोड्यामागें सुमारें दहा घनमीटर गढूळ पाणी बाहेर पडतें. त्यांत कॅल्शियम क्लोराइड हें लवण विरघळलेलें असतें. शिवाय न वापरला गेलेला चुना, चुनखडीची वस्त्रगाळ भुकटी, थोडें जिप्सम आणि थोडी वाळूची बुकणी तरंगत असते. हें पाणी कारखान्याजवळ बांध घालून केलेल्या तळ्यांत सोडावयाचें, गाळ खालीं बसूं द्यावयाचा, आणि तळें भरलें कीं बांध आणखी उंच करावयाचा, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. अशा रीतीनें पांढऱ्या गाळाचीं मैदानेंच्या मैदानें तयार झालीं.

पोलंडमधील क्राकोव शहराच्या दक्षिण भागांत अशीं तळीं आहेत. तेथील लोकांनीं त्यांना ‘पांढरे समुद्र’ असें नांव दिलें. जो कारखाना हा गाळ टाकीत असे, त्याचें नांवही सोल्वे असेंच होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, जर्मनांच्या अंमलाखालीं, कारोल वोयतिवा नांवाचा एक तरुण विद्यार्थी १९४० सालापासून प्रथम या कारखान्याच्या दगडखाणींत आणि पुढें प्रत्यक्ष कारखान्यांत मजुरी करीत होता. हाच तरुण १९७८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल झाला. कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडला. पांढरे समुद्र मात्र तेथेंच राहिले. पुढें त्याच गाळाच्या मैदानावर या पोपच्या स्मरणार्थ एक विशाल धर्मकेंद्र उभारण्याचें ठरलें. २००८ सालीं कामास आरंभ झाला आणि २०११ सालीं तेथील खालचें प्रार्थनामंदिर उघडलें गेलें. ज्या कारखान्यांत त्यानें घाम गाळला, त्याच्याच उकिरड्यावर त्याचें स्मारक झालें, ही गोष्ट कोणालाही विचार करावयास लावणारी आहे. आमच्यासारख्या जुन्या मास्तराच्या मनांत मात्र पहिला प्रश्न आला तो असा कीं, त्या इमारतीचा भार ही जमीन सोसणार कशी?

हा प्रश्न नीट कळण्यासाठीं या गाळाचें अंतरंग पाहिलें पाहिजे. कोणत्याही मातींत घन कण असतात आणि कणांच्या मध्यें पोकळी असते. घन भाग एक मानला तर साध्या घट्ट मातींत पोकळी अर्धा ते एक भाग भरते. या पांढऱ्या गाळांत ती तीन, चार, कधीं त्याहूनही अधिक भाग असते. आपण चार धरूं. चुनखडी पाण्याच्या २·७ पट जड आहे. तेव्हां पोकळी पाण्यानें भरलेली असतां एक टन घन द्रव्यामागें जवळजवळ दीड टन पाणी येतें. म्हणजे ही जमीन वजनानें पाहतां निम्म्याहून अधिक पाणीच होय! आतां तिच्यावर भार घालून चार भाग पोकळीचे तीन झाले असें समजा. एकूण पांच भागांचे चार भाग झाले. म्हणजे दहा मीटर जाडीचा थर दोन मीटर खालीं गेला. साध्या मातीवरील घर दोन-चार बोटें खचलें तरी भिंतींना तडे जातात. मग येथें काय होईल, हें सांगावयास नको.

असें असूनही सुकलेल्या तळ्यावर माणसें चालतात, गाड्या जातात, झाडेंझुडपें उगवतात. हातांत ढेंकूळ घेतलें तर तें खडूसारखें लागतें. याचें कारण चुन्याच्या स्वभावांत आहे. शाळेंत आम्ही मुलांना चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घालावयास लावीत असूं. क्षणार्धांत निवळी दुधाळ होई, कारण श्वासांतील कर्बद्विप्राणिल चुन्याशीं मिळून त्याची पुन्हां चुनखडी बने. हीच क्रिया गाळाच्या पृष्ठभागावर हवेमुळें हळूहळू घडते. कणाकणांच्या सांध्यांवर चुनखडीचे बारीक टांके पडतात, आणि आंतली पोकळी तशीच राहून वरचा सांगाडा ताठ होतो. आपल्या वाड्यांच्या चुनेगच्चीला जी बळकटी येई, तिच्या मुळाशींही हीच क्रिया. परंतु तेथें चुना वाळूबरोबर घाणींत घोटून घट्ट केलेला असे, येथें तो जाळीदार राहिलेला असतो. बत्ताशाची उपमा येथें चपखल बसेल. बत्तासा चिमटींत धरला तर कडक लागतो. पण अंमळ जास्त दाबला कीं एकदम चुरा होतो, कारण त्याच्या पोटांत कांहींच नसतें.

या जमिनीचा धोका नेमका यांतच आहे. भार थोडा असेपर्यंत ती जवळजवळ खचत नाहीं. जणूं पूर्वीं कधीं मोठा भार सोसून ती पक्की झालेली आहे असें तिच्या परीक्षेंत दिसतें. परंतु तें बळ टांक्यांचें असतें, घट्टपणाचें नसतें. भार एका मर्यादेपलीकडे गेला कीं टांके तुटूं लागतात आणि मग खचण्याचा वेग पुष्कळ पटींनीं वाढतो. ओला थर ढवळला गेला तर स्थिति आणखी वाईट होते. जो गाळ नुकताच उभा कापतां येत होता, तोच मळल्यावर ताकासारखा पातळ होतो. वराहमिहिराची खड्ड्याची परीक्षा अशा ओल्या थरांत करून पाहिली तर उकरलेला गाळ खड्ड्याला पुरणार नाहीं, आणि जमीन नापास होईल. पण ती परीक्षा वरच्या कोरड्या पापुद्र्यांत केली तर कडक ढेंकळें आपला आव आणून पास होऊन जातील! एक हात खोलीची परीक्षा येथें पुरत नाहीं ती याचसाठीं. इमारतीचा दाब तिच्या रुंदीच्या सुमारें दुप्पट खोलीपर्यंत जाणवतो. बारा मीटर रुंद घराला चोवीस मीटर खालच्या थराचीही चौकशी करावी लागते.

दुसरी गोष्ट काळाची. पाण्यानें भरलेल्या बारीक मातीवर भार पडला म्हणजे प्रथम तो पाणी उचलतें. पाणी हळूहळू निसटूं लागलें कीं भार कणांवर येतो आणि जमीन खचते. हें तत्त्व कार्ल टेर्झागी या शास्त्रज्ञानें स्पष्ट केलें आणि १९२५ सालीं व्हिएन्ना येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. मृत्तिकायंत्रशास्त्राचा जन्म या ग्रंथापासून मानतात. त्याचा एक निष्कर्ष असा कीं, बाकी सर्व गोष्टी सारख्या असतां, खचण्यास लागणारा काळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तीन मीटरचा थर एका वर्षांत बसत असेल तर नऊ मीटरच्या थराला तीन नव्हे, नऊ वर्षें लागतील. त्यानंतरही कणांची जुळवाजुळव चालूच राहते व जमीन थोडी थोडी उतरते. म्हणजे घराची वास्तुशांत झाली, मुलाची मुंज झाली, त्याचें शिक्षण संपत आलें, तरी जमिनीचें कार्य कांहीं संपत नाहीं. त्यांतून सर्व घर सारखें खचलें तर एक वेळ निभावतें. परंतु तळ्यांत गाळ कधीं दाट, कधीं पातळ असा सोडलेला असल्यामुळें एका कोपऱ्याखालीं एक प्रकार तर दुसऱ्याखालीं दुसरा. घराला मारक ठरतो तो हा विषमपणा.

तिसरी गोष्ट रसायनांची. शुद्ध पाण्याचा पीएच सात असतो. ताज्या गाळाचा अकरा-बाराच्या घरांत असतो, आणि या मापाची एकेक पायरी दहापटीची असते. त्या पाण्यानें हातांची साल जाईल. आश्चर्य असें कीं, काँक्रीटमधील लोखंडी सळयांना क्षार उलट हितकारक असतो. क्षारामुळें लोखंडावर एक अतिसूक्ष्म कवच तयार होऊन गंज थांबतो. सुश्रुतानें क्षार लोखंडी पात्रांत ठेवावयास सांगितला, तें या दृष्टीनेंही शहाणपणाचेंच होतें. परंतु सोड्याच्या गाळांत क्षाराबरोबर क्लोराइड आहे, आणि क्लोराइड तेंच कवच फोडतें. एकाच ताटांत औषध व विष वाढलेलें असावें, असा हा प्रकार होय. शिवाय गाळांतून झिरपणारें चुनकट पाणी हवेशीं भेटलें कीं पांढरें पुट धरतें. घागरीच्या तळाशीं खार बसतो तसें तें पुट मोऱ्यांत व नळांत बसून पाणी तुंबवितें. आणि चुना, जिप्सम व चिकणमातींतील अॅल्युमिना हीं तिन्हीं पाण्यांत एकत्र आलीं तर फुगणारे स्फटिक तयार होऊन ते फरशी खालून उचलूं शकतात.

या सर्वांचें प्रत्यंतर अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज शहराजवळ आलें. तेथें सोल्वे रीतीचा कारखाना १८८१ सालीं स्थापन होऊन १९८६ सालीं बंद झाला. त्याचा गाळ ओनोंडागा सरोवराच्या कांठीं बांधांमागें साठत गेला. १९४३ च्या नोव्हेंबरांत त्यांतील एक बांध फुटला, आणि पांढरा दाहक चिखल शेजारच्या वस्तींत व राज्याच्या जत्रेच्या मैदानांत पसरला. वरून जी घट्ट भूमि भासत होती, ती बांधाचा आधार सुटतांच वाहूं लागली. पण त्याच सरोवराच्या पश्चिम कांठावर, जुन्या गाळाच्या मैदानांवर, २०१५ सालीं हजारों लोक बसतील असें खुलें नाट्यगृह उभें राहिलें. तेव्हां अशी जमीन सर्वथा त्याज्य आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. तिला ओळखून वागावें, इतकेंच.

ओळखून वागण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, गाळाला विचारूंच नये. खोल खांब, ज्यांना पाइल म्हणतात, ते गाळ भेदून खालच्या पक्क्या थरावर टेकवावे. यांतही खुबी आहे. भोंवतालचा गाळ खचतांना खांबाला मिठी मारून त्याला खालीं ओढतो. तो जास्तीचा भार हिशेबांत धरावा लागतो. शिवाय इमारत जागच्या जागीं राहते आणि अंगण उतरतें. मग पायऱ्या तुटतात, सांडपाण्याचे नळ सांध्यांत मोडतात. दुसरा मार्ग धीराचा. इमारतीहून अधिक वजनाचा मातीचा ढीग आधींच त्या जागेवर रचावा, जमीन जेवढी खचावयाची तेवढी खचूं द्यावी, मग ढीग काढून बांधावें. हें लवकर व्हावें म्हणून गाळांत थोड्या थोड्या अंतरावर दिव्याच्या वातीसारख्या पट्ट्या उभ्या खुपसतात. पाण्याला दहा मीटर वर चढण्याऐवजीं हातभर आडवें जाऊन वातींत शिरतां येतें, आणि वर सांगितलेला वर्गाचा नियम आतां आपल्या बाजूनें काम करतो. तिसरा मार्ग, गाळांत सिमेंट किंवा औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळून त्याला खरें बळ आणणें. चुना आणि राख यांचें सख्य आपल्या चुना-सुरखीच्या परंपरेला अपरिचित नाहीं. काम हलकें असेल, उदाहरणार्थ बाग किंवा पायवाट, तर वरचा कडक पापुद्रा न फोडतां त्याच्यावरच भागवावें, हाही एक सुज्ञपणाच.

आपल्या देशांतही हा विषय परका नाहीं. बडोदें संस्थानच्या ओखामंडळांत मीठापूर येथें सोड्याचा मोठा कारखाना निघाला. तो चालविणारी टाटा केमिकल्स ही कंपनी १९३९ सालीं स्थापन झाली. तेथील घन कचऱ्याचा उपयोग सिमेंट तयार करण्याकडे करण्याची योजना पुढें अंमलांत आली, ही समाधानाची गोष्ट आहे. अॅल्युमिनियमच्या धंद्यांतून निघणारा तांबडा चिखल हाही क्षारयुक्तच. हंगेरींतील आयका येथें ४ ऑक्टोबर १९१० नव्हे, अगदीं अलीकडे, २०१० सालीं त्या दिवशीं, अशा चिखलाचा बांध फुटून दहा माणसें प्राणांस मुकलीं. आणि झारखंडांतील मुरी येथें ९ एप्रिल २०१९ रोजीं तसाच एक ढीग कोसळला.

आतां आमच्या वाचकांनीं यांतून काय घ्यावें? शहरें वाढत आहेत. बुजविलेल्या खाणी, भरलेलीं तळीं, राखेचे व राडारोड्याचे भराव यांवर भूखंड पाडून विकले जात आहेत. जागा घेतांना सनद आणि दिशा जितक्या बारकाईनें पाहतों, तितक्याच बारकाईनें तिचा पूर्वेतिहास विचारावा. पन्नास वर्षांपूर्वीं येथें काय होतें, हें जुन्या रहिवाशांस व जुन्या नकाशांस विचारावें. जमिनींत खोल भोंकें पाडून नमुने काढले आहेत काय, तीं भोंकें भरावाच्या तळापलीकडे गेलीं काय, पाण्यांतील क्लोराइड व सल्फेट तपासलें काय, हे प्रश्न निःसंकोचपणें करावे. सदनिका घेणाऱ्यानेंही मृत्तिकापरीक्षेचा अहवाल मागून घ्यावा. या परीक्षेला लागणारा पैसा घराच्या किंमतीच्या मानानें क्षुल्लक असतो. आणि घर खचल्यावर पाया सुधारावयाचा तर मूळ खर्चही थोडा वाटूं लागतो.

वरून कडक दिसणें आणि आंतून घट्ट असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. जमिनीचा हा गुण एका दृष्टिक्षेपांत कळत नाहीं. तो तिच्या पोटांत शिरून मोजावा लागतो. आपल्या पूर्वजांनीं एक हात खणून पाहण्याची शिस्त घालून दिली. काळ बदलला, जमीन बदलली. तेव्हां तीच शिस्त आपण दहा-वीस मीटर खोल नेली पाहिजे, इतकेंच आमचें सांगणें आहे.